डॅशबोर्डावरची मनकर्णा

घाटनांदूर ते अंबाजोगाई या रस्त्यावर सर्जेराव काळीपिवळी जीप चालवतात. बोलणं मोजकं, हॉर्न त्याहून मोजका. त्यांच्या बायकोला, मनकर्णाला, जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. लग्न झाल्यावर दोघांनी हळूहळू हातांची एक भाषा जमवली. मूठ गोल फिरवली की दळण, कपाळावर बोट टेकवलं की सासू. सासू गेली, खूण राहिली. ती आता डोकेदुखीसाठी वापरतात.

लेक दिपाली लग्न होऊन माजलगावला गेली. जाण्याआधी तिनं आईला व्हिडिओ कॉल शिकवला. तोवर सर्जेराव सकाळी बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. आता जीप वेशीबाहेर पडते न पडते तोच मनकर्णाचा चेहरा फोनवर यायचा. दुसऱ्या कोणाचा फोन असता तर कानाला लावून भागलं असतं. हिचा बघावाच लागे.

एका हातात फोन, एका हातात स्टेअरिंग, मग उत्तर कशानं देणार? म्हणून ते फोन काचेला टेकवून डॅशबोर्डावर ठेवू लागले. एका वळणावर तो घसरून क्लचखाली गेला. सर्जेराव त्याच्यामागं वाकले आणि जीप सावकाश बाभळीच्या झुडपात जाऊन उभी राहिली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मागं बसलेल्या चंद्रभागाबाईंच्या मांडीवरचं दह्याचं गाडगं तेवढं समोरच्याच्या मांडीवर गेलं.

"सर्जेराव," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "बायकूशी बोला, आमचं काई न्हाई. पर आदी आमाला पोचवा."

सर्जेरावांनी बाजारातून काचेला चिकटणारा स्टँड आणला. ऊन तापलं की तो आपोआप सुटायचा. मग त्यांनी घरीच बनवायचं ठरवलं. पाइपलाइनच्या कामातून उरलेला प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा होता. तो करवतीनं उभा चिरला, चुलीच्या आरावर धरून मऊ केला आणि माप चुकू नये म्हणून फोनच आत ठेवून वाकवला. पाइप गार झाला. फोन निघेना. मनकर्णानं उलथन्यानं तो मोकळा केला आणि नवऱ्यापुढं फोनाएवढी एक फळी ठेवली. दुसऱ्या खेपेला त्यांनी फळीवर पाइप वाकवला. आतून तिनं जुन्या चपलेचं रबर चिकटवून दिलं. खाली पत्र्याची पट्टी लावून सगळं डॅशबोर्डावर स्क्रूनं पक्कं केलं.

फोन आता खड्ड्यातही हलत नव्हता. मनकर्णा इतकी स्वच्छ दिसायची की सर्जेराव रस्ता सोडून तिच्याकडंच बघत राहायचे. पुढच्या सीटवर रोज तेजश्री बसायची. ती अंबाजोगाईत एका दवाखान्यात नर्स होती. तिनं काही दिवस हे सोसलं.

"मामा, ते माज्याकडं फिरवा," ती एकदा म्हणाली. "मी बघून तुमाला सांगते."

"तुमाला काय कळणार हाय, सिस्टर?"

"न्हाई कळलं तर मामीलाच इचारीन. पर जीव आमचा हाय ना ह्याच्यात."

सर्जेरावांनी पट्टीचे स्क्रू काढून मधे एकच नटबोल्ट बसवला. स्टँड डावीकडं वळू लागला. मनकर्णाकडूनच खुणा शिकत तेजश्री बघायची, सांगायची आणि सर्जेरावांचं उत्तर हातांनी मनकर्णाला कळवायची. ती नसली की पुढं बसेल त्याच्या गळ्यात हे काम पडे. एकदा बकऱ्यांचा व्यापारी अभिमन्यू बसला होता. मनकर्णानं दोन्ही हातांनी आळीपाळीनं काहीतरी खाली ओढून दाखवलं.

"काकू म्हणतेत, म्हैस आना."

"कावून? एक हाय की दारात."

"ते न्हाई इचारलं."

सर्जेरावांनी त्या दिवशी बाजारात दोन म्हशी बघितल्या. घरी गेल्यावर कळलं, तिला शेवग्याच्या शेंगा हव्या होत्या.

असं करत करत मनकर्णा त्या रस्त्यावरच्या बायांच्या ओळखीची झाली. गावात माणसं तिला बघून मान हलवत आणि पुढं जात. इथं बाया तिला सुनांची गाऱ्हाणी हातवारे करून सांगत, कडेवरचं लेकरू फोनापुढं धरत. मनकर्णा भाकरी थापतानाही आता नीट नेसलेली असायची. सर्जेरावांनी हे पाहिलं होतं. ते सकाळी डिझेलच्या आधी फोनचं चार्जिंग बघू लागले.

दिवाळीच्या सुमाराला ती डोळे तपासायला अंबाजोगाईला निघाली. सर्जेरावांनी पुढची सीट तिच्यासाठी धरून ठेवली होती. ती मागं बायांत जाऊन बसली. वाटभर आरशात नुसते हात दिसत होते. त्यातल्या कितीतरी खुणा सर्जेरावांनी आजवर पाहिल्या नव्हत्या.

"काय म्हनती ती?" त्यांनी तेजश्रीला विचारलं.

तेजश्री मागं वळून बघत हसत होती. "काई न्हाई मामा. बायांचं चाललंय."

अंबाजोगाईला मनकर्णा चंद्रभागाबाईंचा हात धरून उतरली आणि दवाखान्याकडं चालू लागली. थोड्या वेळानं सर्जेरावांनी स्वतःहून तिला कॉल लावला. तसा तो त्यांनी पहिल्यांदाच लावला. तिनं उचलला. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर ती चहा पीत होती, शेजारी चंद्रभागाबाई बशी फुंकत होत्या. मनकर्णानं कप खाली ठेवून मोकळ्या हातानं 'मागून बोलू' अशी खूण केली आणि फोन ठेवला.

सर्जेराव बोनेटला टेकून उभे राहिले. मग जीपमध्ये बसलेली माणसं कुरकुर करू लागली, तेव्हा त्यांनी गाडी सुरू केली.