प्लास्टरवरचा दाणा

यशोधराने अठ्ठावीस वर्षांत हजारो लोकांचे दात पाहिले, पण त्यातला माणूस एकही पाहिला नाही. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, पडद्यांच्या कापडाच्या दुकानावर जो पोटमाळा आहे, तिथे कमलेशची डेंटल लॅब चालते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, लॅबमध्ये त्यात प्लास्टर ओततात आणि ते पांढरे दात यशोधराच्या टेबलावर येतात. बुडाशी पेन्सिलीने नाव आणि गाव लिहिलेलं असतं, आणि तेवढीच त्या माणसाची ओळख.

वाकडे दात सरळ करून झाले आणि बाहेरच्या तारा काढल्या की दात लगेच जुन्या जागी पळायला बघतात. दातांना कृतज्ञता नावाची गोष्ट माहीत नाही. म्हणून त्यांच्या आतल्या बाजूने, जिभेकडून, एक बारीक पिळाची तार कायमची चिकटवून ठेवतात. तिला रिटेनर म्हणतात. प्रत्येक दाताच्या पाठीवरून वळण घेत जाणारी ती तार पकडीने वाकवायची, हे यशोधराचं काम.

लग्नाआधी ती कॅम्पातच इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्यात कानातल्यांचे आकडे वळवत असे. तो कारखाना बंद पडला तेव्हा या लॅबमधल्या शरदचंद्र नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने तिचे हात पाहिले आणि दात न पाहताच तिला कामावर घेतलं. त्याने दोन नियम शिकवले. पहिला, तार झोपली पाहिजे. म्हणजे प्लास्टरवर ठेवल्यावर ती कुठेही न दाबता, न उचलता निवांत पडली पाहिजे. दाबून बसवलेली तार गप्प राहत नाही. ती महिनोन्‌महिने दाताला ढकलत राहते. दुसरा नियम, आधी दाणे काढ. साच्यात हवेचा बुडबुडा अडकला की प्लास्टरवर मोहरीएवढा दाणा उठतो. तो तोंडात नसतो, फक्त प्लास्टरवर असतो. तेव्हा सुरीच्या टोकाने तो खरवडायचा आणि मगच पकड हातात घ्यायची.

पुढे शरदचंद्र गेला, कमलेशचे वडील गेले, लॅब कमलेशकडे आली. यशोधरा त्याच स्टुलावर राहिली. अंबरनाथहून सकाळी नऊला यायची आणि डबा खाताना सोडून तोंड उघडायची नाही. कामाबद्दल कोणी ब्र काढलेला तिला खपत नसे. तार परत आली तर ती आधी डॉक्टरचा हात तपासायची, मग पेशंटचं खाणं, मग चिकटवायचा मसाला. स्वतःच्या पकडीपर्यंत तिची शंका कधी पोचली नाही, कारण पोचायची वेळच फारशी आली नाही.

दोन वर्षांपूर्वी कमलेशने स्कॅनच्या कामाला सुरुवात केली. डॉक्टर तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवणार, संगणकावर दात उमटणार आणि त्यावरून रिटेनरचं चित्र काढून ते दुसऱ्या शहरातल्या मशीनकडे पाठवायचं. तिथे एका मशीनमध्ये नायटिनॉल नावाच्या धातूच्या पत्र्यातून लेझरने रिटेनर कापून येतो, आणि दुसऱ्या मशीनमध्ये दाताच्या रंगाच्या टणक प्लास्टिकच्या वडीतून कोरून येतो. मॉडेलही आता प्लास्टरचं नको, प्रिंटरमधून निघतं.

"अदी, मशीनला चहा लागत नाही," कमलेश तिला चिडवायचा. सिंधीत थोरल्या बहिणीला अदी म्हणतात, आणि तो तिला लहानपणापासून तसंच म्हणत आला होता.

"मशीन बंद पडलं की तुला चार कप लागतात, त्याचं काय?" ती मान वर न करता म्हणायची.

पण चिडवण्याचे दिवस सरले. बदलापूरची डॉक्टर प्राची ही या लॅबची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. यशोधराच्या निम्म्याहून जास्त तारा तिच्याकडे जायच्या. तिने एक दिवस कमलेशला फोन केला. चामटोलीची मधु नावाची एक मुलगी, सतरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला वरच्या दातांमागे हाताची तार लावली होती. तार निघाली नाही, तुटली नाही, तरी डावीकडचा दोन नंबरचा दात हळूहळू फिरला. तिने काहीतरी कडक चावून तार वाकवली असणार, असंच सगळ्यांनी धरलं. आठ महिने पुन्हा बाहेरून तारा लावून तो सरळ करावा लागला. आता पुन्हा रिटेनर लावायचा होता.

"या वेळी वाद नको," प्राची म्हणाली. "एकाच स्कॅनवरून तिन्ही बनवा. हाताची तार, कापलेलं नायटिनॉल आणि कोरलेलं प्लास्टिक. मी मधुच्या तोंडात लावून बघते. जो रिटेनर नीट बसेल तो तिला, आणि पुढे माझं सगळं काम त्याच पद्धतीचं. आणि तुमच्या त्या ताईंनाही घेऊन या. त्यांच्यासमोर होऊ दे."

कमलेशने हे जसंच्या तसं सांगितलं. यशोधराने ऐकून घेतलं. बदलापूरचं काम गेलं तर आपलं स्टूल राहत नाही, हे समजायला तिला संगणकाची गरज नव्हती.

प्रिंटरमधून मधुचे दात आले. करड्या रंगाचे, गुळगुळीत, यशोधराच्या मते मेलेले. तिने मॉडेल हातात फिरवलं आणि तिला डावीकडच्या दुसऱ्या दाताच्या पाठीवर एक दाणा दिसला. हात आपोआप सुरीकडे गेला. पण ते प्लास्टर नव्हतं, टोक सटकलं.

"अदी, छुरी मत लगाओ!" कमलेश ओरडला. "मशीनवाल्यांना हीच फाइल गेलीय. तिघांचं माप सारखं पाहिजे ना?"

"यात दाणा राहिलाय."

"राहू दे. सेम टू सेम पाहिजे."

ती प्रिंटरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसली, आणि नाइलाजाने तार त्या दाण्यावरून वळसा घालून नेली. अर्ध्या मिलिमीटरचा तो वळसा घ्यायला तिला तीन वेळा तार फेकून द्यावी लागली. चौथी झोपली.

ठरलेल्या दिवशी कमलेशने तिला गाडीत घातलं. चिखलोलीला नव्या इमारतींच्या रांगा लागल्या तेव्हा तो म्हणाला, "इकडे सगळीकडे तरणी पोरं राहायला येतायत. सगळ्यांचे दात वाकडे." धंद्याच्या माणसाला इमारतीतही दातच दिसतात.

दवाखाना छोटा होता. खुर्चीवर मधु बसलेली, शेजारी तिची आई वेणूबाई, पदर खोचून, भांडायच्या तयारीत. यशोधरा दाराशी उभी राहिली आणि तिला काय करावं ते सुचेना. या तोंडाच्या आतली प्रत्येक खाच तिला पाठ होती, पण त्या तोंडाला नाक आहे, कपाळावर देवीच्या खुणेसारखा एक बारीक व्रण आहे, नजर आहे, हे तिने आजच पाहिलं. तिला उगाचच संकोच वाटला.

"या वेळी काही कडक चावायचं नाही हं," प्राची हातमोजे चढवत म्हणाली.

"मागच्या वेळीपण नव्हतं चावलं," मधु म्हणाली. तिचा सूर तक्रारीचा नव्हता. तेच वाक्य खूपदा म्हणून झालेल्या माणसाचा होता.

"गप बस," वेणूबाई म्हणाली. "मंग दात काय आपलाआप फिरला? डाक्टरीनबाई, मी हिला ऊस नाय, चणं नाय, पेरू नाय, काय काय दिला नाय. हिच्या मामाच्या लग्नात ही लपूनशान ऊस खात हुती, सगल्यांच्या देखत कानाखाली दिली मी. तरी खोटा बोलते."

"मी नुसता हातात धरला होता," मधु म्हणाली.

खोली लहान म्हणून प्राचीने वेणूबाईला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि कामाला लागली.

आधी नायटिनॉल. पातळ, चपटं, दाताच्या अंगावर कातडीसारखं बसलं. कमलेशने यशोधराकडे बघायचं टाळलं. पण शेवटच्या सुळ्यापाशी ते केसभर उचललेलं होतं. संगणकावर चित्र काढताना तिथे रेघ हुकली असावी. प्राचीने चिमट्याने ते वाकवून पाहिलं. त्या धातूचा स्वभावच असा की वाकवलं की परत मूळ आकारात येतो. पुन्हा मागवायचं तर दहा दिवस.

मग कोरलेलं प्लास्टिक. दिसायला सुंदर, दाताच्याच रंगाचं, पण जाड. "जीभ अडकते," मधु म्हणाली, आणि तिच्या स, श, च चं एकच अक्षर झालं.

मग हाताची तार. प्राचीने एक टोक अवजाराने दाबलं. दुसरं टोक हललं नाही. मधलं दाबलं, टोकं हलली नाहीत. तिने तीन वेळा करून पाहिलं.

"कमाल आहे," ती म्हणाली. "ताई, नुसती पडून राहिलीय. मान गये. हीच लावते. आणि काम तुमच्याकडेच राहतंय बरं का." तिने यशोधराला पुढे बोलावलं, हातात छोटा आरसा दिला. "बघा ना तुमचं काम. कधी तोंडात पाहिलंय?"

यशोधराने वाकून पाहिलं. तार खरंच झोपली होती. आणि डावीकडच्या दुसऱ्या दाताच्या पाठीवर, ओला, जिवंत, जन्मापासून तिथेच असलेला, मोहरीएवढा दाणा होता. तिची तार त्याला वळसा घालून गेली होती.

तिने आरसा बाजूला केला. "डॉक्टर, हिचं जुनं मॉडेल आहे का? दोन वर्षांपूर्वीचं?"

प्राचीने फळीवरचा खोका काढून प्लास्टर तिच्या हातात दिलं. बुडाशी लिहिलेलं, मधु, चामटोली. यशोधराने ते उजेडाकडे धरलं. दाण्याच्या जागी सपाट होतं. दुसऱ्या कोणाला ते सपाटच दिसलं असतं. तिला तिथे आपल्या सुरीचा हात दिसला, स्वच्छ, एकाच झटक्यात मारलेला, नियमाप्रमाणे.

सपाट प्लास्टरवर सरळ वाकवलेली तार तोंडात त्या दाण्यावर दाबून बसली असणार आणि महिनोन्‌महिने दाताला ढकलत राहिली असणार. आणि ही एक झाली. अठ्ठावीस वर्षांत किती दाणे खरवडले, त्यातले हवेचे किती आणि माणसांचे किती, हे आता कोण सांगणार? तिला मनापासून भीती वाटली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. प्लास्टर परत खोक्यात गेलं की संपलं. काम राहत होतं, मान राहत होता. रविवारी विहारात ती पंचशील म्हणायची, त्यातलं खोटं न बोलण्याचं शीलही म्हणायची. पण त्या क्षणी तिला शील वगैरे काही आठवलं नाही. तिला एवढंच दिसत होतं की खुर्चीवरची मुलगी तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघते आहे.

"हिचा दात माझ्या तारेने फिरवला," यशोधरा म्हणाली. "हा दाणा हिचा आहे. मी हवेचा समजून काढून टाकला. आम्ही काढतोच. शिकलोच तसं."

"अदी..." कमलेश म्हणाला.

प्राचीने आरसा घेऊन तोंडात पाहिलं, मग प्लास्टर पाहिलं, मग पुन्हा तोंडात.

"तेव्हा ती तार मला तिथे बोटाने दाबून चिकटवावी लागली होती," ती शेवटी म्हणाली. "एवढं चालतं, असं वाटलं मला." मग तिने हातमोजे काढले. "ताई, तुमची तार आज सगळ्यात चांगली बसली, हे खरंच आहे. मधुला तीच लावते. पण हे कळल्यावर मला न कळल्यासारखं वागता येणार नाही. पुढच्या महिन्यापासून माझं काम मशीनवर. सुळ्यापाशी उचललेलं मला डोळ्यांनी दिसतं. खरवडलेलं दिसत नाही."

"बरोबर आहे," यशोधरा म्हणाली. तिला ते खरोखरच बरोबर वाटलं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं.

कमलेश खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "झालं ते झालं," तो पुटपुटला. "आता पेशंटला कशाला? दात तर सरळ झालाय."

"घरच्यांना मी सांगेन नंतर, नीट समजावून," प्राची म्हणाली.

मधुने गाल ताणून धरणारं प्लास्टिक स्वतःच तोंडातून काढलं. ओठ पुसले. खुर्चीवरून उतरली, दार उघडलं आणि बाकावर बसलेल्या आईला हात धरून आत आणलं.

"आता सांगा," ती यशोधराला म्हणाली.

वेणूबाई सगळ्यांकडे बघत राहिली. यशोधराने सांगितलं. प्लास्टर दाखवलं, दाणा दाखवला, सुरी कुठे लागली ते दाखवलं. पहिल्यापेक्षा हे जड गेलं, कारण डॉक्टरला दात कळत होते आणि हिला फक्त मुलगी.

"म्हंजी?" वेणूबाई म्हणाली.

"म्हणजे हिने काही चावलं नव्हतं. चूक माझी होती. ही खरं बोलत होती."

वेणूबाईचा खोचलेला पदर सुटून खाली आला. तिने तो उचलला नाही. इतके दिवस ज्याला ती खोटं म्हणत आली होती ते आता हातात घेऊन करायचं काय, हे तिला कळत नव्हतं. तिने प्लास्टरकडे पाहिलं, यशोधराकडे पाहिलं, भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहिलं.

"परत सांगा," मधु म्हणाली. "ती माझ्याकडे बघत नाहीये."

यशोधराने पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, आणि वेणूबाईने मान वळवून मुलीकडे पाहीपर्यंत सांगत राहिली.