सीतेच्या टाचेची खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवासमोरही नाही. तुम्हाला सांगतोय ते समजून घ्या म्हणून नव्हे. इतक्या वर्षांनीही डोक्यात राग आहे — आणि तो माझ्याच नावाचा आहे.

दुसरं महायुद्ध लागायच्या आधी मी नाशकाला भाड्याची मोटार चालवायचो. मुंबईची मंडळी आली की त्यांना पंचवटी, पांडवलेणी, त्र्यंबक असं फिरवायचं. त्र्यंबकच्या रस्त्याला, अंजनेरीच्या अलीकडे चढ लागला की मोटारीचं पाणी हटकून उकळायचं. तिथेच रस्त्याकडेला हमीदाबीची विहीर. नवरा पिंजारी, गावोगाव कापूस पिंजत फिरणारा. मागे ही एकटी भाजीचे वाफे सांभाळायची. माझी मोटार थांबली की आपल्या दोरानं, आपल्या घागरीनं पाणी शेंदून द्यायची. कधी कपाळाला आठी नाही.

इंजिन गार होईपर्यंत मंडळी कुरकुरायची. इथे बघायला काय आहे? माळ? दगड? — मला चीड यायची. एकदा एका चष्मेवाल्यानं फारच डोकं खाल्लं, तेव्हा विहिरीच्या काठावरच्या दगडातला खळगा दाखवून मी ठोकून दिलं: ही सीतामाईच्या टाचेची खूण. घागरी टेकून टेकून झिजलेला दगड तो! पण नाशकात सीतेचं नाव घेतल्यावर शंका कोण घेणार? चष्मेवाला चपला काढून वाकला. मला मनातल्या मनात हसू फुटलं.

मग दर खेपेला तेच सांगू लागलो. दुसऱ्या मोटारवाल्यांनीही उचललं. कुणी कुंकू वाहिलं, कुणी नारळ फोडले — आणि एके सकाळी पाहतो तो विहिरीभोवती काट्यांचं कुंपण, आणि गावातली मोठी माणसं हमीदाबीला दटावताहेत: ही पवित्र जागा आहे, इथे तुझी घागर टेकायची नाही, या पाण्याला हात लावायचा नाही. तिच्याच विहिरीचं पाणी! तिचे सगळे वाफे त्यावर.

मला पाहून तिचा चेहरा उजळला हो.

"दादा, तुमी तर कायम येता. सांगा ना यांना, ह्यो खळगा आमच्या सासूच्या घागरीचा हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागे मोटारीत मंडळी बसलेली. ‘ती थाप मीच मारली’ — एवढंच तर म्हणायचं होतं! कुणी मारलं असतं मला? नाही. हसले असते. त्या हसण्याला मी भ्यालो.

म्हणालो, "मला काय ठाऊक? जुनी माणसं सांगत आलीत."

तिनं घागरीला दोर गुंडाळला आणि घरात निघून गेली.

नंतरच्या एका खेपेला वाफे वाळलेले होते आणि तिच्या घराला बाहेरून कडी होती. मोटारीचं पाणी नेहमीसारखं उकळलं. विहीर भरलेली, पण शेंदायला दोर नाही, घागर नाही. इतक्या भक्तांपैकी एकाही शहाण्याला ते सुचलं नव्हतं. मी संतापून मोटारीच्या चाकावर लाथ घातली.

मंडळी खाली उतरून कुंपणापाशी गेली. एका बाईंनी विचारलं, हे कसलं हो ठिकाण?

मी चपला काढल्या, हात जोडले, आणि सीतामाईची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.