भाऊनं पोतं उचलणं सोडलं

आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही: माझ्या थोरल्या भावाचं राजकारण मी बुडवलं.

भाऊ दोंडाईच्याच्या मिरची बाजारात हमाल. हमालांनीच त्याला वॉर्डातून उभं केलं, दारोदार फिरून निवडून आणलं. नगरसेवक झाल्यावरही तो सकाळी पोती उचलायचा आणि तसाच, मिरचीच्या धुळीनं भरलेल्या सदऱ्यात, नगरपालिकेच्या सभेला जायचा. तो आत आला की ठसके सुरू. भाऊ शांतपणे म्हणायचा, "खोकला येस ना, साहेब? आम्हले रोज येस. आते नळनं बोला." बाजारात पिण्याच्या पाण्याचा नळ असाच आला.

मी तेव्हा शाळेत नवा शिक्षक. एकदा शिंकलो, तर सोबतचे एक सर म्हणाले, "तुम्हीपण? घरचीच मिरची म्हणा!" सगळे हसले. मीही हसलो. लाज वाटायला हवी होती त्या हसण्याची. वाटली ती भावाची.

त्या संध्याकाळी भाऊ जेवत होता. मी म्हणालो, "भाऊ, हमालच सांगतस, आते तू पोतं उचलू नको. त्यासलेच बरं दिखत नही."

हमालांपैकी कुणीही असं म्हटलेलं नव्हतं.

भाऊचा घास हातातच राहिला. "असं सांगतस त्या?" एवढंच विचारलं. मला लाज वाटते म्हणालो असतो, तर त्यानं उडवून लावलं असतं. हमालांचं नाव घेतलं म्हणून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तो बाजारात गेला नाही.

हमालांना वाटलं, खुर्ची मिळाली आणि हा बदलला. रस्त्यात भेटले की टोमणा, "काय नगरसेवक, वळखतस का आम्हले?" भाऊला कळेना, यांनीच सोडायला लावलं, मग हे असं का बोलतात? विचारायला तो मानी, आणि तेही तसेच. मी मात्र दोन्हीकडे चहा पीत राहिलो. पुढच्या निवडणुकीत भाऊ त्याच वॉर्डात पडला. "मन्हाच लोके," म्हणाला आणि त्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

आता भाऊनं साठी ओलांडली. तेव्हा त्याच्या जोडीला पोती वाहणारे दोघंच उरलेत. ते बाजाराच्या फाटकापाशी बसतात. भाऊ तो रस्ता टाळून लांबून जातो. मी लिहून मोकळा झालो, असं कुणी समजू नये. भाऊला घेऊन त्या दोघांसमोर जायचं आणि ते वाक्य माझं होतं, हे तोंडानं सांगायचं, एवढं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.