गोलामागची तिवई

मोंढ्यात मीठमिरचीचं दुकान चालवणाऱ्या बन्सीधरांनी उभ्या जन्मात चेंडूला लाथ मारली नव्हती. एकदा मारायला गेले होते म्हणतात. तेव्हा चप्पल मैदानाबाहेर गेली आणि चेंडू जागच्या जागी राहिला. तरी मोंढा क्लबाच्या फुटबॉलबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच असे. अख्खं परभणी चेंडूकडं बघायचं, बन्सीधर फक्त गोलकीपरकडं बघायचे.

निजामी अमलात सरकारी सुट्टी जुम्याची, म्हणजे शुक्रवारची, म्हणून सामनेही जुम्यालाच. त्या दिवशी दुकानातली तिवई काखेत मारून ते स्टेशनमागच्या मैदानावर जात आणि आपल्या गोलाच्या पाठीमागं ती मांडून बसत. अर्धा खेळ झाला की गोलकीपर पलीकडच्या टोकाला जाई, त्याच्या मागोमाग तिवईही जाई. आपल्या पोरांनी गोल केल्याचं त्यांना लोकांच्या ओरडण्यावरून कळे. "झाला का? बरं," म्हणून ते पुन्हा गोलकीपरची पाठ न्याहाळू लागत.

संध्याकाळी दुकानापुढच्या बाकड्यावर बैठक भरे. तिच्यात मेलेले, म्हातारे झालेले आणि हयात, असे सगळे गोलकीपर तोलले जात. सुरुवात रहीमखाँ जमादारापासून. त्याच्या मिशांना भिऊनच निम्मे चेंडू बाहेर जायचे, हा बन्सीधरांचा निकाल. उरलेले निम्मे सरळ आत जायचे, ही शिंपी लिंबाजीची पुस्ती. मग पेडगावचा आश्रुबा पैलवान. त्यानं एकदा धरलेला चेंडू परत द्यायलाच नकार दिला होता. "मी धरलाय, आता कामून देऊ?" म्हणत तो पंचाशी भांडला आणि चेंडू बगलेत घेऊन पार वेशीपर्यंत गेला.

"पण छाती व्हती गड्याची," लिंबाजी म्हणे. "चेंडू आला की आडवा. आताचा बगा."

आताचा म्हणजे ईश्वरअप्पा, कापडवाल्यांचा विशीतला मुलगा. उंच चेंडू तो झाडावरचा पेरू तोडावा तसा काढायचा. पण चेंडू जमिनीसरसा आला की त्याचं काहीतरी बिनसायचं. पाय घालील, बसेल, फार झालं तर पाठीवर पडेल. पालथा म्हणून कधी पडायचा नाही. मागच्या सामन्यात असेच दोन गोल झाले. उद्या तर पूर्ण्याच्या रेल्वेवाल्यांशी गाठ होती.

म्हणून झरीचे आबासाहेब बेस्तरवारी बैलगाडी जुंपून बैठकीला आले. क्लबाचा चेंडू तेच घेऊन देत, त्यामुळं त्यांचा आवाज जरा मोठाच निघे.

"ते पोरगं भितंय. उद्या दुसरा उभा करू. बन्सीधर, तुमी मागं बसताव. बोला."

बन्सीधर बोलले नाहीत, हेच नवल. त्यांना कोडं पडलं होतं. भित्रं पोरगं धावत्या बुटांच्या गर्दीत डोकं कसं घालतं? आणि हे तर दर सामन्यात घालतं.

"सकाळी सांगतो," ते म्हणाले.

"इचारायला घरी जायचंय काय?" लिंबाजीनं डिवचलं.

ते गेले ईश्वरअप्पाच्या दुकानात. मुंडाशाचं कापड दाखव म्हणाले. त्यानं वरच्या फळीवरचं ठाण काढलं. ते नको, खालच्या फळीवरचं दाखव म्हणाले. ईश्वरअप्पा वाकला. वाकण्याआधी त्याचा डावा हात आपोआप छातीवर गेला आणि तिथंच दाबून राहिला. ठाण उजव्या हातानं निघालं. बन्सीधरांनी आणखी एक काढायला लावलं. पुन्हा तसंच.

"अप्पा, छातीला काय जपायलास?"

ईश्वरअप्पानं इकडंतिकडं बघितलं. सदऱ्याच्या आतून, पांढऱ्या कापडात बांधलेलं गळ्यातलं इष्टलिंग थोडं वर काढून दाखवलं आणि लगेच आत ठेवलं.

"हे भुईला टेकू देत न्हाईत काका. पालथा पडलो तर काय व्हईल?"

"मग सांगायचं की. लोक तुला भित्रा म्हणायलेत."

"बाजारात सांगायची गोष्ट हाय का ही? उद्या दरएक जण माझ्या छातीकडं बघत बसंल." मग ठाणाची घडी घालता घालता म्हणाला, "काढून ठिवणार न्हाई. पण गोलबी सोडू वाटंना."

आतल्या दारात त्याची आई सिद्धम्मा वाती वळत बसली होती. तिनं मान वर केली, मुलाकडं बघितलं आणि पुन्हा वाती वळू लागली.

जुम्याच्या सकाळी बन्सीधरांनी निकाल दिला. "तोच उभा राहील."

"कारण?" आबासाहेबांनी विचारलं.

"कारण न्हाई."

एका मिशीची वीस कारणं देणारा माणूस.

"मग हरलो तर तुमची तिवई मैदानात दिसू नये," आबासाहेब म्हणाले.

सामना सुरू झाला. बन्सीधर तिवईच्या कडेवर बसले होते. आपला एक गोल झाल्याचं ओरडण्यावरून कळलं. आज "बरं" म्हणायचंही राहिलं. तेवढ्यात पूर्ण्याचा गडी एकटाच सुटला. चेंडू खाली, गवताला घासत आला आणि ईश्वरअप्पा सपशेल पालथा पडला. चेंडू पोटाखाली गेला. बन्सीधर उठले, तिवई कलंडली. "आरं अप्पा, ते..." म्हणून त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

ईश्वरअप्पा धूळ झटकत उठला. चेंडू लांब मारून दिला आणि मागं न वळताच हळू बोलला, "आईनं डाव्या दंडाला कसून बांधून दिलंय काका. मठातल्या स्वामींना इचारून."

बन्सीधरांनी तिवई सरळ केली. टेकले, आणि टेकता टेकता त्यांच्या ध्यानात आलं, डावा दंड.

दुसऱ्या डावात चेंडू नेमका डावीकडून, जमिनीसरसा आला. ईश्वरअप्पानं पाय लांबवला. डाव्या अंगावर पडला नाही. चेंडू आत गेला. सामना बरोबरीत सुटला.

संध्याकाळी बाकडं गच्च भरलं.

"समोर पडायला शिकलाय, मान्य," लिंबाजी म्हणाला. "पण डावीकडं कामून पडंना? बन्सीशेठ, तुमी मागंच व्हताव."

"ऊन आलं डोळ्यात."

"दुसऱ्या डावात ऊन तर त्याच्या पाठीला व्हतं."

"मग माझ्या डोळ्यात आलं असंल." बन्सीधरांनी गिऱ्हाइकाची मिरची तराजूत टाकली. "मला काई दिसलं न्हाई."

आबासाहेबांनी त्यांच्याकडं रोखून बघितलं. "आन् पुढच्या जुम्याला?"

"तोच," बन्सीधर म्हणाले आणि काट्याकडं बघत राहिले.