गुणवंत कर्मचाऱ्यांचा उन्हाळा

परीक्षा विभागात एकोणीस वर्षं काढली की माणसाच्या डोक्यावर केस कमी आणि डोक्यात किस्से जास्त होतात. माझं तसंच झालंय. बाकीच्या विद्यापीठाला उन्हाळा म्हणजे सुट्टी, आमच्याकडं उन्हाळा म्हणजे पेपर. आणि नांदेडचा उन्हाळा! सकाळी नऊलाच लोखंडी खुर्ची चटका देते.

मे लागला की कॅम्पसवर ‘गुणवंत कर्मचारी’ सत्कार असतो. शाल, नारळ, मानपत्र. मानपत्रांचा मजकूर दरवर्षी मीच लिहितो, कारण मला बरं लिहिता येतं असा कुणीतरी कधीतरी गैरसमज पसरवलाय. फॉर्मवर ‘उल्लेखनीय कार्य’ असा चार ओळींचा रकाना असतो. चार ओळींत काय मावतंय! जे मावलं नाही ते माझ्याकडं साचत गेलं. चहाला बसलोच आहोत, तर ऐका.

* * *

हल्ली पेपर गठ्ठ्यानं जात नाहीत. नऊ चाळीसला केंद्रावरच्या कॉम्प्युटरला पासवर्ड जातो, पेपर तिथंच प्रिंट करायचा आणि दहाला मुलांच्या हातात द्यायचा. वीस मिनिटांचा खेळ.

त्या दिवशी निलंग्याकडच्या एका केंद्रावरून बिराजदार सरांचा फोन आला. ते तिथले केंद्रप्रमुख. नऊ पंचेचाळीस झाले होते.

“सर, लाईट गेली.”

“इन्व्हर्टर?”

“कॉम्प्युटर चालतोय, पण प्रिंटर ओढत न्हाई.”

“जनरेटर?”

“कालच बिघडलाय.”

दुसऱ्या केंद्रांवरची पोरं साडेदहानंतर पेपर घेऊन बाहेर पडू शकतात. तोपर्यंत निलंग्यात पेपर सुरू झाला नाही, तर सगळ्या विद्यापीठाचाच पेपर रद्द! हजारो मुलं परत बसवायची, ती पण या उन्हात.

नऊ पंचावन्नला मी फोन लावला, सरांनी उचलला नाही. दहा वाजले, उचलला नाही. दहा बाराला आमचे परीक्षा नियंत्रक साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

दहा चोवीसला फोन वाजला. मागं सनई ऐकू येत होती.

“सर, पेपर सुरू झाला! शेजारच्या मंगल कार्यालयात लग्न हाय. त्यांचं जनरेटर ढकलत आणलं. वऱ्हाडी लोकांनीच ढकललं, लई चांगली माणसं. नवरदेवाचा मामा म्हणला, पंखे थांबले तर चालंल, लेकरांचा पेपर थांबू नये.”

“वा! शाब्बास सर!”

“सर, एक विचारायचं होतं.”

“विचारा की.”

“मुहूर्त बारा वाजून दहाचा हाय. सुपरवायझर हायत हॉलवर. पाच मिनिटं अक्षता टाकून आलो तर चालंल का?”

* * *

आमच्या मुख्य इमारतीच्या छज्ज्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात. वर्षभर कुणी त्यांच्याकडं बघत नाही. एका एप्रिलात घारीनं झडप मारली आणि एक मोहोळ उठलं. वेळ साडेअकरा, बीएस्सीचा पेपर चालू, आणि चार नंबरच्या हॉलच्या खिडक्या गरमीमुळं सताड उघड्या.

त्या हॉलवर जाधव मॅडम होत्या. रसायनशास्त्राच्या. बारीक चणीच्या, आवाजाला मात्र सगळी बिल्डिंग ओळखते. मी व्हरांड्यात होतो. आधी घोंघावणं ऐकू आलं, मग एक पोरगी किंचाळली आणि साठ मुलं एकाच दाराकडं धावायला उठली. दाराबाहेर जिना. तिथं चेंगराचेंगरी झाली असती तर? आजही विचार नको वाटतो.

मॅडम दार लोटून तिथंच आडव्या उभ्या राहिल्या.

“खाली बसा! बेंचखाली! तोंड झाका, ओढणी घ्या, शर्ट घ्या, काही घ्या. हलू नका!”

मुलं बसली. आवाजच तसा होता. मग मॅडमनी एकेक खिडकी लावली. सात खिडक्या. स्वतःचा पदर मुलांना दिसेल असा तोंडावर घट्ट धरला होता, पण खिडकी लावायला दोन्ही हात लागतात, तेव्हा तो सुटायचा. मी काचेतून बघत होतो. दार उघडलं तर आणखी माश्या आत जातील, म्हणून मला आत जाता येईना.

सातवी खिडकी लागली. आत अगदी शांतता. साठ मुलं बेंचांखाली एकमेकांना चिकटून पडलेली. तेवढ्यात मॅडमचा आवाज आला,

“आणि कुणी कुणाच्या पेपरात बघायचं नाही!”

अकरा ठिकाणी चावल्या होत्या त्यांना. मुलांतल्या दोघांना, तेही हातावर. दोन दिवस दवाखान्यात काढून मॅडम तिसऱ्या दिवशी परत ड्युटीवर. आठवडाभरात सत्कार. चेहरा अजून सुजलेला, एक डोळा बंद. प्रमुख पाहुण्यांनी हातातल्या मानपत्रावरचा फोटो बघितला, समोर बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि हळूच म्हणाले, “मॅडम स्वतः आल्या असत्या तर बरं झालं असतं.”

“आलेय,” मॅडम म्हणाल्या. “शाल द्या.”

* * *

गफ्फारभाई आमचे ड्रायव्हर. केंद्रांवरून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणायचं काम त्यांचं. माणूस बोलायला कमी. गाडीत बसल्यावर पहिला शब्द नांदेडला आणि दुसरा धर्माबादला.

एकदा ते धर्माबादहून एकटेच गठ्ठे घेऊन निघाले. सोबतच्या शिपायाला उलट्या सुरू झाल्या म्हणून त्याला तिथंच सोडलं. भर दुपार. साडेतीनपर्यंत पोचायला हवे होते. चार वाजले, पाच वाजले, फोन बंद. त्या गाडीत बेचाळीस गठ्ठे होते. एकेका गठ्ठ्यात पोरांचं एकेक वर्ष.

साडेपाचला अनोळखी नंबरवरून फोन आला.

“साहेब, गफ्फार बोलतोय. गाडी जळाली.”

मी खुर्चीत होतो म्हणून पडलो नाही.

“जळाली म्हणजे?”

“बॉनेटमधून धूर आला. बाजूला घेतली. आधी गठ्ठे काढले. मंग जळाली.”

नंतर कळलं ते असं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुढून धूर निघत असताना या माणसानं मागचं दार उघडून एकट्यानं बेचाळीस गठ्ठे चिंचेखाली नेऊन ठेवले. शेवटच्या खेपेला सीटनं पेट घेतला होता. सीटवर त्यांचा मोबाईल होता, डबा होता, घरी न्यायला घेतलेलं टरबूज होतं. त्यातलं काहीच काढलं नाही. हात दोन्ही भाजले. मग ट्रकवाले थांबायला लागले तरी हे गठ्ठे सोडून जाईनात. शेवटी एका गुराख्याचा फोन मागून घेतला.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी फोनवर ओरडत होतो, “गठ्ठे पूर्ण आहेत का? मोजलेत का?”

“दोनदा मोजले. बेचाळीस हायत.”

मग माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, “आणि तुम्ही? तुम्ही कसे आहात गफ्फारभाई?”

पलीकडून एक गाय हंबरली.

“मलाबी मोजलं, साहेब. एकच होतो. तोबी हाय.”

* * *

कांबळे हे आमच्या विभागातले वरिष्ठ लिपिक. एका मेमध्ये रेणापूरकडची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. बीएच्या शेवटच्या वर्षाला इतिहासाच्या पेपरात तिला गैरहजर दाखवलं होतं.

“सर, मी पेपर दिलाय.”

बापानं तिच्याकडं बघितलं. पोरगी पेपरला म्हणून घरून गेली आणि कुठं गेली, हा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. पोरगी रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून उभी होती. घरचे नर्सिंग कॉलेज म्हणत होते, तिला वकील व्हायचं होतं, आणि बाप म्हणत होता, आधी हे खरं का खोटं ते कळू द्या.

कांबळेंनी विचारलं, “बाई, त्या दिवशी हॉलमध्ये काय झालं होतं? काही आठवतं?”

“माझ्या पुढच्या पोराची पुरवणी पंख्यानं उडाली होती, सर.”

त्या गडबडीत हिचा पेपर दुसऱ्याच कुणाच्या कागदांत गेला असणार, एवढ्या अंदाजावर ते कामाला लागले. उत्तरपत्रिकांच्या खोलीत पंखा लावता येत नाही, कागद उडतात. बाहेर त्रेचाळीस, आत किती ते मोजायला कुणी गेलं नाही. तीन दिवस कांबळे आत. घामानं शाई पसरू नये म्हणून मनगटाला रुमाल बांधलेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आले, हातात एक उत्तरपत्रिका. कुणीतरी ती पुरवणी समजून दुसऱ्याच मुलाच्या उत्तरपत्रिकेच्या दोऱ्यात ओवली होती. ना तपासलेली, ना नोंदलेली.

तपासली. एकाहत्तर मार्क!

बापानं ती गुणपत्रिका उभ्या उभ्याच तीनदा वाचली. मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “चल, तुझ्या वकिलीच्या कॉलेजात अर्ज कधी द्यायचा ते बघू.”

कांबळेंना सत्कार मिळालाच पाहिजे म्हणून मी जोर लावला. मिळाला. कार्यक्रमाच्या दिवशी सूत्रसंचालकानं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. सगळी सभा मागं वळून बघायला लागली. मी धावत विभागात गेलो. उत्तरपत्रिकांच्या खोलीचं दार आतून लोटलेलं. उदगीरचा एक मुलगा बाहेर बाकावर बसला होता, हातात प्रवेशपत्र घेऊन.

मी परत येईपर्यंत माइकवरून जाहीर झालं होतं, “श्रीयुत कांबळे, गैरहजर.”

* * *

शेवटचा सांगतो आणि उठतो.

मुलांच्या हॉस्टेलमागं पाण्याची उंच टाकी आहे. बाहेरून लोखंडी शिडी. मेच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी एकच्या सुमाराला एमएस्सीचा एक पोरगा त्या टाकीवर चढून बसला. देगलूरकडचा. त्याच्या कॉलेजनं अंतर्गत गुण पाठवलेच नव्हते, म्हणून त्याचा निकाल तिसऱ्यांदा राखून ठेवला होता.

“गावात सगळे म्हणतात मी खोटं बोलून राहिलो!” तो वरून ओरडत होता. “कुणी वर आलं तर उडी मारीन!”

खाली दोनशे माणसं. कोण मोबाईल धरून, कोण देवाचं नाव घेऊन. नियंत्रक साहेबांनी भोंग्यावरून सांगितलं, “बाळा, तुझा निकाल संध्याकाळपर्यंत लावतो.” पोरगा म्हणाला, “दोन वेळेस हेच सांगितलं!” खरंच सांगितलं होतं. साहेबांनी भोंगा खाली ठेवला. अग्निशमनची गाडी यायला अर्धा तास होता. पोरगा कठड्याच्या कडेला पाय सोडून बसला होता आणि मधूनच डुलत होता. ऊन लागलं होतं त्याला.

शोभाताई हॉस्टेलला झाडलोट करतात, पिण्याचं पाणी भरतात. वय पन्नासच्या पुढं, गुडघे दुखतात. त्यांनी पदर खोचला, पाण्याची बाटली गळ्यात अडकवली आणि शिडीला हात घातला. आम्ही ओरडलो, “ताई, नका!”

वरून पोरगा किंचाळला, “वर येऊ नका!”

“मी कुणी न्हाई रे बाबा,” त्या म्हणाल्या. “पाणी देणारी हाय.”

आणि चढायला लागल्या. पायरी तापलेली, चटका बसला की हात झटकत एकेक पायरी. मध्ये दोनदा थांबल्या. वर पोचल्या, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसल्या. बाटली दिली. त्यानं घेतली.

वीस मिनिटं गेली. खालून काहीच ऐकू येत नव्हतं. मग पोरगा उठला. तो वळला आणि शिडीवर उतरला. आधी तो, त्याच्यावर शोभाताई. एकेक पायरीवर थांबून तो हातानं त्यांचा पाय धरून खालच्या पायरीवर ठेवत होता.

खाली आल्यावर त्याला दवाखान्यात नेलं. नियंत्रक साहेब गाडी काढून स्वतः त्याच्या कॉलेजवर गेले, समोर बसून गुण घेतले आणि त्याच संध्याकाळी निकाल लागला. पोरगा प्रथम श्रेणीत पास.

पण ते नंतरचं. तेव्हा टाकीखाली शोभाताई सावलीला बसून तळहात फुंकत होत्या. आमच्या मानसशास्त्राच्या मॅडम घाईनं त्यांच्याजवळ गेल्या.

“ताई, कमाल केलीत! काय समजावलंत हो त्याला?”

“मी काय समजावणार, मॅडम? पाणी पाजलं आन् म्हणलं, लेकरा, चढले तर खरी, पर मला उतरता येईना. तेवढं उतरवतोस का?”