इंजिनाला रिठ्याचं न्हाणं

पावसाळ्यात आमच्या घरी चूल एकदाच पेटायची. सकाळी पेज व्हायची, तीच संध्याकाळी पाणी घालून पुन्हा. माझे वडील होड्यांच्या फटी भरायचे. कापूस राळेत आणि तेलात भिजवायचा, फळ्यांच्या सांध्यात छिन्नीने ठोकून बसवायचा आणि वरून राळ फासायची. लाकूड कोरडं असेल तरच हे काम होतं, त्यामुळे पावसाचे महिने त्यांचे हात रिकामे असत. दोघा मुलांपैकी एकालाच शिकवणं शक्य होतं. मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

थोरला भाऊ म्हणाला, "तूच शीक रे. माका पुस्तक बघला काय झोप येता."

ते काही खरं नव्हतं. पुढे सुट्टीत मी घरी आलो की माझी विज्ञानाची पुस्तकं तोच आधी वाचून काढायचा. पण शाळा सोडून तो कुडाळला ट्रकच्या गॅरेजात लागला, आणि मी मास्तरांच्या ओळखीने कोल्हापूरला कॉलेजात. आमच्या मालवणजवळच्या वाडीत बी.एस्सी. झालेला पहिला माणूस मी. हे मी आजही सांगतो, आणि सांगताना लाजत नाही.

साठीच्या दशकातली गोष्ट. परीक्षा देऊन घरी आलो तर घरापुढच्या खळ्यात माडाखाली एक उघडीवाघडी मोटरसायकल उभी. ना दिवा, ना मडगार्ड. शर्यतीची गाडी. तिचा मालक कोल्हापूरचा, स्वतः शर्यती करणारा. ओहोटीला आमच्याकडची वाळू फरशीसारखी कडक होते, म्हणून काही हौशी लोकांनी किनाऱ्यावर शर्यत ठरवली होती. सरावात त्याच्या गाडीचा पिस्टन अडकला आणि गाडी कुडाळच्या गॅरेजात आली. दादाने ती उघडली, खरवडून साफ केली, चालू केली. मालक खूश झाला.

"शर्यतीपर्यंत गाडी तुझ्याकडंच ठेवतो," तो म्हणाला होता. "सरळ शेवटपर्यंत पळाली, तर तू माझ्याबरोबर कोल्हापूरला चल. माझ्या वर्कशॉपला मिस्त्री हवाय. मधेच बंद पडली, तर आपलं काही बोलणं झालं नाही."

ट्रकच्या खाली आयुष्यभर पाठीवर पडून राहायचं की रेसिंगच्या इंजिनांवर काम करायचं, हे त्या एका इंजिनावर ठरणार होतं. आणि इंजिन काही केल्या ऐकत नव्हतं.

दोन-स्ट्रोक इंजिन मला पुस्तकातून ठाऊक होतं, हातात कधी आलं नव्हतं. दादाने ते मला लोहाराच्या भात्यावरून समजावलं. पिस्टन वर गेला की खालची पेटी श्वास घेते, कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल आत ओढते. पिस्टन खाली आला की तीच पेटी ते दाबून वर सिलिंडरात धाडते. म्हणजे ज्या पेटीत क्रँक फिरतो, तीच त्याचं फुप्फुस. मला याची फार गंमत वाटली. एवढ्या मोठ्या आवाजाचं यंत्र, आणि सगळा खेळ एका श्वासाचा!

"मगे दुखणा खंय आसा?" मी विचारलं.

"पेट्रोल कमी पडता." त्याने प्लग काढून दाखवला. टोक पांढरंफटक. "बघ. ह्या भाजलेल्या काजूगराच्या रंगाचा होया. काळा झाला तर पेट्रोल जास्त, पांढरा झाला तर कमी. कमी पडला काय इंजिन तापता आणि पिस्टन धरता."

कार्बोरेटरात जेट असतं, बारीक भोकाचा पितळेचा तुकडा. त्यातून पेट्रोल येतं. दादाने ते भोक थोडं मोठं केलं होतं. गाडी छान पळाली, मग पुन्हा तापून अडकली. सिलिंडर काढला, साफ केला, बसवला, भोक आणखी मोठं. पुन्हा छान पळाली, पुन्हा अडकली. आता तर पूर्ण सोडली की ती पेट्रोलने गुदमरायची, आणि उभी असताना मूठ न पिळताही आपोआप आवाज चढवायची.

"ह्येका भूत लागला," आई म्हणाली. "देवाक गाऱ्हाणा घाला."

मी मात्र एका गोष्टीवर अडलो. दर वेळी दुरुस्तीनंतर गाडी सुरुवातीला चांगली का पळते? जेट तर पळताना बदलत नाही. मग पळता पळता काय बदलतं?

"दादा, दर खेपेक तू काय काय करतंस? सगळा सांग."

"सिलिंडर काढतंय, पिस्टन घासतंय, सिलिंडर आणि खालच्या पेटीमधलो सांधो भरतंय, जेट बदलतंय."

"सांधो कशान भरतंस?"

"पुठ्ठ्याचो तुकडो कापून घालतंय. आणि राळ. बाबांचीच."

बाबा तिथेच दोरी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली. "माज्या राळेन भरललो सांधो खंय गळलो नाय हां अजून. तू त्या नादाक लागा नको."

पण दर वेळी दोन गोष्टी एकदम बदलत होत्या, जेट आणि सांधा. गुण येत होता तो कोणाचा, हे कसं कळणार? कॉलेजात आम्हाला एवढं तरी शिकवलं होतं, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

मी आईच्या डब्यातले रिठे घेतले, ठेचून पाण्यात घुसळले, दाट फेस काढला. तिथून हवा येऊ नये म्हणून कार्बोरेटरच्या तोंडात फडकं कोंबलं आणि सांध्याभोवती फेस लावत सुटलो.

"अगे बाय गे! इंजिनाचे केस धुतंस काय रे?" आई ओरडली. "आणि रिठे माझे!"

"धुवंदे गो," दादा हसून म्हणाला. "बी.एस्सी. झालो हा तो. मागसून शिकेकाय आणतलो."

"आता हळू किक दाब," मी म्हणालो.

त्याने हाताने किक दाबली. सांध्याच्या मागच्या बाजूला एक बुडबुडा फुगला. आणखी दाबली, तसा तो फुटला आणि फेसाला खळगा पडून फेस आत ओढला गेला. पुन्हा बुडबुडा, पुन्हा खळगा. इंजिन तिथून श्वास घेत होतं, चोरून. त्या फटीतून जाणारी हवा कार्बोरेटरला न विचारता आत शिरत होती. जेट कितीही मोठं केलं तरी तिचा हिशोब लागणार नव्हता.

दादाचं हसू थांबलं. आई चुलीवरचं सोडून बघायला आली.

बाबा उठले, वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "राळ कमी लावलंस तू."

मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत राळेचा खडा टाकला, वर पेट्रोल ओतलं आणि बाटली सावलीत ठेवली. दुसऱ्या बाटलीत लाखेचा तुकडा, त्यावरही पेट्रोल. दुपार टळली तेव्हा लाख जशीच्या तशी होती. राळेच्या बाटलीतलं पेट्रोल मात्र पिवळं झालं होतं, आणि खडा पावसाळ्यातल्या गुळासारखा पाझरला होता. म्हणजे दर खेपेला पळता पळता इंजिनातलं पेट्रोलच सांध्यातली राळ विरघळवत होतं.

बाबांनी ती बाटली बराच वेळ उन्हात धरली. मला वाटलं, आता चिडतील. आयुष्य त्या राळेवर काढलेला माणूस.

"समुद्राक जमला नाय ता ह्येना केला," ते म्हणाले. मग बाटली खाली ठेवून विचारलं, "लाख कशात इरघळता?"

"स्पिरिटात."

ते स्वतः सुताराकडे गेले आणि पॉलिशची लाख घेऊन आले. सांधा त्यांनीच भरला. पुठ्ठा लाखेत भिजवून, बोटाने कडा चाचपत, होडीचा भरतात तसाच. वाळल्यावर मी पुन्हा फेस लावला. दादाने किक दाबली. एक बुडबुडा नाही.

मग मी बाजूला झालो, कारण पुढचं काम कानाचं होतं आणि तो कान दादाचा. जेटच्या भोकाला कथलाचा डाग देऊन त्याने ते बुजवलं, पुन्हा बारीक पाडलं. वाळूवर गाडी पूर्ण सोडायची, तशीच बंद करायची आणि प्लग काढून बघायचा. काळा. आणखी बारीक. तपकिरी, पण ओलसर. शेवटी एकदा त्याने प्लग बाबांच्या पुढे धरला.

"काजूगर," बाबा म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी समुद्र चांगला मागे गेला होता. गाडी मालकच चालवत होता. आम्ही तिघे कोरड्या वाळूवर उभे. दादा गाडीकडे बघतच नव्हता. डोळे मिटून नुसता ऐकत होता. लांबच्या टोकाला आवाज बारीक झाला, की त्याची मूठ आवळायची. वळून आवाज परत येऊ लागला, की सैल पडायची.

गाडी दुसरी आली. पहिल्या आलेल्या गाडीचं इंजिन मोठं होतं. आमची एकदाही अडखळली नाही.

मालक उतरला, इंजिनाजवळ हात नेऊन बघितलं आणि दादाला म्हणाला, "कपडे बांध. परवाच्या एस.टी.ने निघायचं."

बाबांनी विचारलं, "आणि लाख? टिकली मां?"

"लाख काय?" मालकाला कळेना.

"काय नाय," दादा म्हणाला. "आमच्या घरातला बोलणा ता."

दादा कोल्हापूरला गेला, रेसिंगच्या इंजिनांचा मिस्त्री झाला आणि पुढे मालवणात परत येऊन त्याने स्वतःचं गॅरेज काढलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवू लागलो. शर्यतीनंतरच्या पावसाळ्यापासून आमच्या घरी चूल दोन्ही वेळा पेटू लागली.