ब्लॉगवरची अक्का

धडगावला एका सरकारी कार्यालयात मी कारकून आहे. तिथे खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला जीप, एसटी असं करत नंदुरबारला बायकोमुलांकडे घरी येतो. लिहायची सवय कॉलेजपासूनची, पण कागद माझ्याकडे टिकत नाहीत. अर्धी वही खोलीवर, अर्धी घरी, आणि हवं ते पान नेमकं दुसरीकडे. म्हणून चार वर्षांपूर्वी मी इंटरनेटवर एक फुकटचा ब्लॉग उघडला. लोकांनी वाचावं म्हणून नव्हे, आपलं लिखाणाचं कपाट असावं म्हणून.

प्रत्येक कामाला मी एकेक लेबल दिलं. अहिराणी शब्द जमवत होतो, त्यांना ‘शब्द’. जीपमध्ये कानावर पडलेल्या गोष्टींना ‘घाट’. आणि एक कादंबरी लिहायला घेतली होती, तिला ‘अक्का’. लेबलावर बोट ठेवलं की त्या कामाचं सगळं ओळीने खाली यायचं. मला त्या मांडणीचंच कौतुक जास्त होतं. कितीतरी दुपारी मी एक ओळ न लिहिता नुसती लेबलं बदलत बसलो आहे.

मसुदे म्हणून ठेवलेलं फोनवर वाचायला अवघड जायचं. ‘प्रसिद्ध करा’ दाबलं की तेच लिखाण स्वच्छ पानासारखं उघडायचं. म्हणून मी सगळंच प्रसिद्ध करून ठेवी. ब्लॉग फक्त आपल्यापुरता ठेवायची सोय होती. ती मला दिसली होती, आणि मी ती वापरली नाही. आज कबूल करतो, कोणीतरी वाचावं असं मनात कुठेतरी होतंच.

अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. नवापूरजवळच्या एका गावात तिला दिली होती. सासरी कोंबड्यांची शेड होती, खाऊनपिऊन सुखी घर. पण नवरा हात उचलायचा आणि सासू तिला उंबऱ्याबाहेर पडू द्यायची नाही. वर्षभरात ती परत आली. पुढे शिवणकाम शिकली आणि विसरवाडीला बसस्टँडजवळ तिने ब्लाउज शिवायचं दुकान घातलं. वीस वर्षं ती तिथेच आहे, एकटी.

कादंबरीतलं एक प्रकरण मी ‘मी’ म्हणून लिहिलं. त्यात धाकटा भाऊ बहिणीच्या सासरी जातो, अंगणात उभा राहतो, तिची पेटी खांद्यावर घेतो आणि सगळ्यांदेखत तिला घेऊन निघतो. नाव कोणाचंच घातलं नव्हतं. पण विसरवाडी होती, बसस्टँड होता, शिवणयंत्र होतं. आमच्या मूळ गावच्या माणसाला ओळखायला तेवढं पुरे.

ब्लॉगवर किती जणांनी वाचलं त्याचा आकडा दिसतो. माझा नेहमी दोन नाहीतर तीन असे, आणि ते तिन्ही मीच. एका सोमवारी तो चारशेच्या पुढे गेलेला दिसला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी ते प्रकरण टाकलं होतं. ‘असा भाऊ सगळ्यांना मिळो,’ असं खाली लिहिलं होतं. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. मी कार्यालयात सगळ्यांसाठी चहा मागवला.

दोन दिवसांनी अक्काचा फोन आला. येत्या सुट्टीला इकडे ये, एवढंच म्हणाली.

मी गेलो तेव्हा दुकानात आमच्या गावाकडची एक वयस्क बाई माप द्यायला आली होती. मला बघताच तिने कौतुक सुरू केलं. अशा बहिणीला असाच भाऊ पाहिजे, तू होतास म्हणून ही वाचली, असं बरंच काही. अक्का तिच्या दंडाला टेप लावून खाली बघत होती. बाईने तिलाही विचारलं, खरं ना? अक्काने मान डोलावली.

बाई गेल्यावर अक्काने स्टूल पुढे सरकवलं.

“मी वाचेल शे,” ती म्हणाली. “आते तुन्हा तोंडतून आयकू दे.”

मी फोन काढून वाचू लागलो. सुरुवातीला जमलं. पेटी खांद्यावर घेतली त्या ओळीशी मी अडलो. अक्का थांबली होती, घाई करत नव्हती.

“मन्हं लगीन मोडनं हाई सऱ्या गावले माहीत शे,” ती म्हणाली. “त्यानं माले काही नही. पन तू माले लई उना, हाई कोठून काढं?”

मी म्हटलं, तुला घेऊन आलो ते कादंबरीतलं आहे, कादंबरीत असं करावं लागतं.

“मंग त्यामा मन्हं दुकान कसाले?”

मी फोनची स्क्रीन बंद केली.

मी तिच्या सासरी गेलो तेव्हा खरं काय झालं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडील आजारी, म्हणून त्यांनी अक्काला आणायला मला पाठवलं. मी पोचलो तेव्हा तिने गाठोडं बांधून ठेवलं होतं. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. सासूने मला पाट दिला, ताट वाढलं. जेवता जेवता म्हणाली, आता कामाचे दिवस आहेत, सणाला पाठवू. मी वर बघितलं. अक्का माझ्याकडे बघत होती. मी काही बोललो नाही. सासूने भाकरी वाढू का विचारलं तेव्हा मी अजून एक घेतली. हात धुतले आणि चारच्या गाडीने परत आलो. वडिलांना सांगितलं, तीच यायला तयार नव्हती.

चार महिन्यांनी ती एकटी निघाली. शेताशेतातून हायवेपर्यंत चालत आली आणि हात दाखवून एका ट्रकमध्ये बसली.

“बाप मरेपर्यंत इचारत व्हता, भाऊ उनथा तधय काबर नही उनी,” अक्का म्हणाली. “मी काही सांगं नही. तुन्हं नाव नही लिधं.”

भाऊ आला होता तेव्हा का नाही आलीस, असं वडील तिला विचारत राहिले, हे मला माहीत नव्हतं. माझा खोटेपणा तिने इतकी वर्षं स्वतःच्या अंगावर घेतला होता, आणि त्याच जागेवर मी स्वतःचा पराक्रम लिहून ठेवला होता. मी म्हणालो, आत्ता पुसून टाकतो. फोन हातातच होता.

“खोडू नको. खोडं तं लोक म्हनतीन, अक्कानी खोडाले लावं. जसं व्हयनं तसं लिख.”

ते लिहायला मला तीन आठवडे लागले. पहिल्या खर्ड्यात माझं वय होतं, वडिलांचं आजारपण होतं, सासूचा दरारा होता. वाचून पाहिलं तर सगळी वकिली. एकेक काढत गेलो. शेवटी राहिलं ते जेमतेम दीड पान. फोनवर अक्काला वाचून दाखवलं. मी ताटात कोंबडीचा रस्सा लिहिला होता. ती म्हणाली, रस्सा नव्हता, अंड्यांची भाजी होती, मीच केली होती. मी दुरुस्त केलं.

जुन्या प्रकरणाच्या माथ्यावर ‘हे खोटं आहे’ अशी ओळ घातली आणि नवीन पान गावाच्या ग्रुपवर स्वतःच टाकलं. कोणी कौतुक केलं नाही. एका चुलतभावाने लिहिलं, याची काय गरज होती? दुकानात येणाऱ्या त्या बाईने म्हणे अक्काला विचारलं, तुझा भाऊ बरा आहे ना?

बायकोनेही वाचलं होतं. सुट्टीला घरी गेलो तेव्हा जेवताना ती म्हणाली, “मलाही तुम्ही लग्नानंतर ते जुनंच सांगितलं होतं. अक्कांना तुम्हीच घेऊन आलात म्हणून.” मी मान खाली घालून जेवत राहिलो. मला ते आठवतही नव्हतं. इतक्या वेळा सांगून झालं होतं की ते खोटं आहे हेच मी विसरलो होतो.

कादंबरी मी सोडून दिली. माफी मागायला दोनदा विसरवाडीला उतरलो. दोन्ही वेळा अक्काने चहा मागवला, पोरांची चौकशी केली, आणि ते तसंच राहून गेलं. तिसऱ्या वेळी दारातच बोलून टाकलं, की मी तेव्हा तुला तिथे टाकून आलो आणि मला माफ कर.

अक्का ‘बरं’ म्हणाली. तेवढ्यात अस्तराचं कापड घेऊन एक गिऱ्हाईक आलं, म्हणून ती उठली.